ई-सिगारेटला कसली आली हद्द?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ई-सिगारेटच्या चोरट्या विक्रीवर सरकार कडक कारवाई करणार, अशा बातम्या अधूनमधून वाचतो. वाचून बरं वाटतं. पण मध्यंतरी माझ्याच घरात जे घडलं, ते कळवावंसं वाटलं म्हणून हे पत्र.

मी कर्नाटकाच्या सीमेवरल्या निपाणीच्या एका तंबाखू वखारीत 31 वर्षं दिवाणजी होतो. चिमूटभर तंबाखू हातावर घेतली की मालात ओल किती, पाला किती, काडी किती, हे तिथल्या तिथं सांगायचो. (तंबाखूवर पोट भरलेल्या माणसानं असलं पत्र लिहावं याचं काहींना हसू येईल. येऊ द्या.) एवढं नाक तयार असून दहावीतल्या नातवाच्या कंपासपेटीतली वस्तू काही मला ओळखता आली नाही. बोटाएवढी, फिकट निळी. मला वाटलं, पुस्तकात रेघा मारायचा हायलायटर असेल. टोपण निघेना म्हणून नाकाशी धरली, तर आंबावडीचा गोड वास! विडीच्या पुड्यावर आज 85 टक्के दर्शनी जागा चित्रासकट इशाऱ्याला द्यावी लागते. हिच्यावर ना किंमत, ना कारखान्याचं नाव. नुसता एक आंबा. सुनेनं दरडावल्यावर पोरानं सांगितलं की आत बॅटरी आणि निकोटिनचा द्रव असतो, ओढलं की तो तापतो. "आजोबा, तो धूर नाही, वाफ आहे," हेही वर ऐकवलं.

मोबाइलवरून मागवायची आणि कागलच्या बाजूच्या एका दुकानातून आणायची, असा पोरांचा रिवाज. माझा मुलगा तक्रार घेऊन इकडच्या पोलिसांकडं गेला, तर उत्तर मिळालं, "दुकान महाराष्ट्रात आहे, आमच्या हद्दीत येत नाही." तिकडं गेला, तर म्हणाले, "पोरगं कर्नाटकातलं ना? मग तिकडंच सांगा." सीमाभागात राहणाऱ्याला हे नवीन नाही. सात-बारापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत आम्ही हेच ऐकत आलोय. पण इथं ही सबब मुळातच लागू होत नाही. कर्नाटकानं ई-सिगारेटवर 2016 मध्येच बंदी घातली होती. केंद्रानं सप्टेंबर 2019 मध्ये वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी कायदा केला. तो दोन राज्यांच्या सीमेवरल्या कोगनोळी नाक्याच्या दोन्ही अंगाला सारखाच आहे. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. वाहतूक करणाराही त्यातच आला. साठा करणाऱ्यालाही शिक्षा आहे. संशय आला तर फौजदाराला दुकानात शिरून झडती घेता येते. एवढं हातात असताना हद्दीचा प्रश्न येतोच कुठं?

2021 मध्ये ह्याच कोगनोळीला गाड्या थांबवून कोरोनाचा दाखला बघत होते. मनावर घेतलं की नाका कसा चालतो, ते आम्ही उन्हात उभं राहून बघितलंय. अर्थात हा माल ट्रकभर येत नाही, पार्सलात येतो. म्हणून कुरियरवाल्यांकडं आणि त्या मोबाइलवरच्या विक्रीकडं बघायला हवं. एखाद्या पानपट्टीवाल्याला धरून फोटो छापून आणणं सोपं आहे, पण त्या बिचाऱ्याकडं बहुतेक वेळा हा माल नसतोच.

दुसरं म्हणजे, शाळेबाहेर 100 यार्डांत तंबाखू विकू नये असा फलक असतो. आमच्या इथल्या फलकावर विडी आणि सिगारेट आहे, ही वस्तू नाही. तिचं चित्र लावा, खाली कन्नडबरोबर मराठीतही लिहा. आयाबायांना ती दिसायला कशी असते हेच ठाऊक नाही, मग तक्रार कशाची करणार? आणि ज्यांना सापडते, ते पोराचं नाव पोलिसांच्या वहीत चढेल म्हणून गप्प बसतात. आमची सूनही तेच म्हणत होती.

ती वस्तू अजून माझ्या कपाटात, तपकिरीच्या जुन्या डबीत ठेवली आहे. कुणी पंचनामा करायला येणार असेल तर काढून देतो. कुठल्या हद्दीतल्यांनी यायचं, ते त्यांनी आपसात ठरवावं.

– एक निवृत्त दिवाणजी, निपाणी