पिंपातलं टपाल

सांता क्रूझ बेट, गॅलापागोस
१८ जानेवारी २०२६

ती. बाबा आणि आई,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोन करायचा सोडून कागद कशाला, असं आई म्हणेल. आठ दिवस बोटीवर होते आणि तिथे फोनला रेंज अशी नव्हतीच. आज जमिनीवर पाय टेकले, तर अजून खुर्ची हलतेय असं वाटतंय. पण कागदाचं खरं कारण बाबा आहेत.

बाबा, तुम्ही पाहिलं असतं तर डोक्याला हात लावला असतात असं एक पोस्ट ऑफिस मी पाहून आले. पोस्टमास्तर नाही, तारखेचा शिक्का नाही, तिकीट नाही, कुलूप तर नाहीच. फ्लोरियाना नावाच्या बेटावर किनाऱ्यापासून थोडं आत, झुडपांत एका खांबावर लाकडी पिंप बसवलंय. त्याच्याभोवती येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपल्या बोटींची नावं कोरलेल्या फळ्या ठोकल्यात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून देवमाशांची शिकार करणारी जहाजं इथे थांबायची. त्यांवरचे खलाशी दोन-दोन, तीन-तीन वर्षं घराबाहेर. शिकारीला निघालेले पिंपात पत्र टाकायचे, परतीच्या वाटेवरचे आपल्या बाजूची पत्रं उचलून न्यायचे. बस, एवढाच कारभार. आणि तो अजून चालू आहे! आपलं कार्ड टाकायचं, आतली चाळायची, आपल्या घराजवळचा पत्ता दिसला तर ते घ्यायचं आणि स्वतः जाऊन हातात द्यायचं. तिकीट लावून पुढे ढकलायचं नाही, हा नियम. तुमच्या हिशेबाने सगळं टपाल नॉट-पेड.

आमच्या गाइडने आम्हा चौदा जणांना वाळूत गोल बसवलं आणि गठ्ठे वाटले. प्रत्येक जण मोठ्याने गावं वाचत होता. हॅम्बुर्ग! मेलबर्न! सोल! मला आपल्या आंजर्ल्याच्या पोस्टातली सकाळ आठवली. थैली उलटी केल्यावर टेबलावर पत्रं पसरायची आणि तुम्ही पाखाडी-पाखाडीचे ढीग लावायचात. शाळेला जाताना मी दारात उभी राहायचे, ते तिकिटं मिळतील म्हणून. खलाशांच्या बायका दुपारी यायच्या, त्याही आठवल्या. आखातातल्या जहाजावरून नवऱ्याचं पत्र आलंय आणि वाचायला घरात कोणी नाही. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून वाचून दाखवायचात, आणि मजकुरात काही खाजगी आलं की खोकून पुढच्या ओळीवर जायचात. हे तुम्हीच सांगितलंय, मी बनवून सांगत नाही.

या पिंपाबद्दल पुढे आणखी आहे. आधी सहलीचं सांगते, नाहीतर आई पत्र मधूनच वाचायला लागेल.

ही बेटं एक्वादोर देशाची. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर आत. टोरंटोहून कीटो, मग ग्वायाकिल, मग बाल्ट्रा नावाच्या बेटावरचा छोटा विमानतळ. विमानात बसण्याआधी सामान तपासून पिशवीला सील ठोकतात. फळ नको, बी नको, माती लागलेला बूटही नको. उतरण्याआधी वरच्या सामानाच्या कप्प्यांत औषध फवारतात. आई, तू दिलेली आमसुलं मी कीटोच्या हॉटेलातच ठेवली, उगाच परीक्षा नको. आलेपाक मात्र नेला आणि त्यानेच तारलं. एका बेटावरून दुसऱ्यावर बोट रात्री जाते, आणि पहिल्या रात्री मी पलंगाची कड धरून अंबेच्या नावाने जप केला. शेजारच्या जर्मन बाईलाही एक वडी दिली. ती दुसऱ्या दिवशी कृती विचारत होती.

राष्ट्रीय उद्यानाची प्रवेश फी परदेशी माणसाला दोनशे डॉलर. २०२४ च्या ऑगस्टपर्यंत शंभर होती. गुणाकार करू नकोस, आई. मी केला, आणि मग उद्यानाची माणसं काय काय करतात ते बघितल्यावर सोडून दिला.

शिस्त आपल्या शाळेतल्या पीटीच्या सरांसारखी. सोळा माणसांमागे एक गाइड, त्याच्याशिवाय बेटावर पाऊल ठेवायचं नाही. पांढऱ्या खुंट्यांच्या बाहेर जायचं नाही. प्राण्यापासून दोन मीटर लांब. बेटावर खायचं नाही. बोटीवर परतताना पाय आणि चपला धुवायच्या, कारण एका बेटाची वाळू, त्यातलं बी, दुसऱ्या बेटावर जाता कामा नये. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठे जाणार, हेसुद्धा उद्यान ठरवतं. गंमत म्हणजे दोन मीटरचा नियम आपल्याला, त्यांना नाही. सी लायनची पिल्लं सरळ येऊन पायाजवळ लोळतात. निळ्या पायांचा बूबी पक्षी वाटेच्या मधोमध अंडं घालून बसतो, आपण वळसा घालायचा. एस्पान्योला बेटावर तर काळ्या खडकांवर लाल-हिरवट घोरपडींचा खच पडलेला. अगदी घोरपडच, पण समुद्रात पोहून शेवाळ खाणारी, आणि अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून फुर्रकन शिंकून टाकणारी. माझ्या बुटावर एकीने शिंकलं. धुतला नाही अजून. (बोटीवर धुतला, नियम आहे. पण डाग आहे.)

बाबा, या घोरपडींची एक गोष्ट खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही दर मे महिन्यात वेधशाळेचा अंदाज कापून ठेवता. एल निन्यो हे नाव इकडच्या, पेरू-एक्वादोरच्या, कोळ्यांनी दिलेलं. नाताळाच्या सुमारास पाणी कोमट व्हायचं, म्हणून ‘बाळ येशू’. एरवी या बेटांभोवती विषुववृत्तावर असूनही थंड प्रवाह असतात, त्यामुळे शेवाळ भरपूर, मासे भरपूर. एल निन्योच्या वर्षी पाणी तापतं, शेवाळ मरतं, आणि या घोरपडी उपाशी राहून चक्क लांबीने आखूड होतात, हाडांसकट. पुन्हा खायला मिळालं की वाढतात. २०२३ च्या ऑगस्टात आपल्याकडे पावसाने पाठ फिरवली होती, रोपं पिवळी पडली म्हणून तुम्ही रोज फोनवर कातावत होतात, तो हाच एल निन्यो. तिकडे भात वाळत होतं, इकडे पाणी तापत होतं.

कासवांशिवाय आईला चैन पडायचं नाही. समुद्री कासवं या दिवसांत इथेही अंडी घालायला येतात, इथली हिरव्या जातीची. पहाटे वाळूवर ट्रॅक्टर गेल्यासारखे माग दिसले आणि मला वेळास आणि आपला किनारा आठवला. आई, तू सांगायचीस ना, तुझ्या लहानपणी कासवाची अंडी टोपलीने घरी यायची. आणि आता त्याच अंड्यांना जाळीचं कुंपण घालून लोक राखण करतात, पिल्लं पाण्यात सोडायला पुण्या-मुंबईची माणसं येतात. वेळासला २००२ पासून हे चाललंय, हे मी इथे सांगितलं तेव्हा गाइडने वहीत गावाचं नाव लिहून घेतलं. मला उगाचच मान ताठ झाल्यासारखं वाटलं, जशी काही राखण मीच केली.

जमिनीवरच्या महाकाय कासवांची कथा मात्र कडू आहे. ती महिनोन्‌महिने अन्नपाण्याशिवाय जगतात, म्हणून ते देवमासेवाले खलाशी त्यांना जिवंत उचलून जहाजाच्या तळात रचायचे, ताज्या मटणाची सोय म्हणून. फ्लोरियानाची जात तर एकोणिसाव्या शतकातच संपली. एस्पान्योलावर चौदा उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. त्यांना सांता क्रूझवर आणलं, अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून दिएगो नावाचा तिसरा नर बोलावला, आणि पन्नासेक वर्षांत दोन हजारांच्या आसपास पिल्लं झाली. २०२० मध्ये या दिएगोला शंभरी उलटल्यावर सन्मानाने आपल्या बेटावर परत पाठवलं. बाबा, तुमच्या निवृत्तीला नुसती शाल आणि नारळ मिळाला होता.

आणि बकऱ्या. जहाजांनी सोडलेल्या बकऱ्या इतक्या माजल्या की कासवांना पाला उरेना. तेव्हा १९९७ ते २००६ या काळात दीड लाखाहून जास्त बकऱ्या मारल्या, शेवटी शेवटी हेलिकॉप्टरमधून. लपलेल्या सापडाव्यात म्हणून काही बकऱ्यांच्या गळ्यात ठावठिकाणा कळवणारा रेडिओ पट्टा बांधून सोडायचे. त्या आपल्या कळपाकडे जायच्या आणि मागून बंदूक. आई, तुला हे वाचवणार नाही. मलाही ऐकवलं नाही. झाडं परत आली, कासवं परत आली, ते डोळ्यांना दिसतं, तरी त्या पट्टेवालीचं डोक्यातून जात नाही.

आता मासळीचं. आमची गाइड याच बेटांवर जन्मलेली, कोळ्याची मुलगी. नव्वदच्या दशकात समुद्री काकडीला (भाजी नव्हे, समुद्राच्या तळाशी राहणारा काकडीसारखा प्राणी) पूर्वेकडच्या देशांत सोन्याचा भाव आला. तिचे वडीलही बुड्या मारायचे. सरकारने मनाई केल्यावर कोळी चिडले, १९९५ मध्ये संशोधन केंद्राला वेढा पडला. मग १९९८ मध्ये कायदा आला: बेटांभोवतालचं सुमारे १ लाख ३३ हजार चौरस किलोमीटर पाणी राखीव, मोठ्या मासेमारी जहाजांना बंदी, आणि मासे धरायचे ते फक्त इथल्या नोंदणी झालेल्या कोळ्यांनी. हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर आपलं हर्णै बंदर. एलईडी दिवे आणि पर्ससीनची मोठी जाळी लावून मासे धरणाऱ्यांविरुद्ध निघालेले मोर्चे, आणि बंदी असूनही रात्री समुद्रावर दिसणारे दिवे. मी तिला विचारलं, इथे कायदा पाळतात का? ती हसली. म्हणाली, हद्दीच्या आत बऱ्यापैकी. २०१७ मध्ये एक चिनी जहाज राखीव पाण्यात पकडलं, तळात सहा हजारांहून अधिक मुशी (शार्क) होत्या. २०२० मध्ये हद्दीच्या बाहेर तीनशेच्या आसपास जहाजं गोळा झाली होती. माशाला रेघ कुठे दिसते? म्हणून २०२२ मध्ये आणखी ६० हजार चौरस किलोमीटर राखीव केलं, कोस्टा रिकाच्या हद्दीपर्यंत. तिच्या वडिलांना मात्र अजून राग आहे. पर्यटकांना बोट मिळते, आम्हाला परवाने मोजून मिळतात, असं ते म्हणतात. मला त्यांचं चूक वाटलं नाही. मी त्या पर्यटकांतलीच, त्यामुळे गप्प बसले.

पाण्यात मीही उतरले. फ्लोरियानाजवळ समुद्रात अर्धा बुडालेला ज्वालामुखीचा कडा आहे, डेव्हिल्स क्राउन म्हणतात. त्याच्या आत-बाहेर पोहायचं. खाली मुशी निवांत झोपलेल्या, बाजारात पाटीत असतात त्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. भीती वाटली. हे आईने वाचलं नाही असं समजू.

आमच्यात क्युबेकच्या एक आजी होत्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे बदललेले. रोज होडीतून गुडघाभर पाण्यात उडी मारायच्या. आई, मी काही म्हणत नाही. फक्त डॉक्टरांनी सप्टेंबरात दिलेली तारीख तू दोनदा पुढे ढकललीस, एवढं लिहून ठेवते.

तर, ते पिंप. माझ्या गठ्ठ्यात मिसिसागाचं एक कार्ड निघालं, ते घेतलं. माझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. एक कार्ड तुमच्या नावाने टाकून आले. ते कधी पोचेल देव जाणे, दोन महिन्यांत किंवा दहा वर्षांनी. कोणी अनोळखी माणूस कार्ड घेऊन दारात आला तर त्याला आधी कोकम सरबत द्या, ओळखपत्र नंतर मागा. हे पत्र मात्र मी पिंपात टाकलेलं नाही. त्याला तिकीट लावलंय.

आणि खाली, अगदी तळाशी, एक कार्ड मराठीत निघालं. कोणी नातवाने आजोबांना लिहिलंय. पत्ता नाशिकचा. हाताने द्यायचं असा नियम, तेव्हा भारतात जाणार असेन तरच उचलायचं. मी वाळूत बसून पाच मिनिटं विचार केला आणि उचललं. मे महिन्याची रजा आज मेलवर मागितली आहे. सहा आठवडे.

बाबा, गेल्या ऑक्टोबरात रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं तेव्हा तुम्ही दोन दिवस कोणाशी बोलला नव्हतात म्हणे. त्यानंतर तुमचं एकही पत्र आलं नाही. हात थरथरतो, अक्षर बिघडलंय, म्हणून लिहीत नाही, असं आई म्हणाली. मी डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारी माणूस आहे, मला वाचता येईल. चार ओळी लिहा. आईच्या गुडघ्याची नवी तारीख लिहा.

मेमध्ये नाशिकला आपण दोघं जाऊ. कार्डावर पिनकोड नाही, घर नंबर नाही. नुसतं नाव, पंचवटी, आणि ‘पिठाच्या गिरणीसमोर’. तुमच्याशिवाय मला सापडायचं नाही.

तुमची
धाकटी