शरद जोशी, पण आपले आंबेठाणचे

संपादकसाहेब, नमस्कार.

परवाच्या अंकात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींवर छोटं टिपण आलं, बरं वाटलं, कारण आमच्या इंदूरात शरद जोशी म्हटलं की लोकांना हिंदीतले व्यंग्यकारच आठवतात, उज्जैनचे. पण तुम्ही लिहिलंय की त्यांनी शेतकऱ्यांसाठी जन्मभर सबसिडी मागितली. अहो साहेब, नेमकं उलट!

हा माणूस टपाल खात्यातला मोठा अधिकारी, बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत मजेत होता, ते सोडून 1977 च्या सुमारास परत आला, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसून बघितली आणि मग हिशेब मांडला की शेतकरी आळशी म्हणून गरीब नाही, निर्यातबंदी आणि लेव्ही (म्हणजे ठरावीक भावानं सक्तीची सरकारी खरेदी) लावून सरकारच भाव पाडतं. मदत नको, बाजार मोकळा करा, घामाचे दाम मिळू द्या. डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे जागतिक व्यापार खुला करायच्या कराराच्या मसुद्याच्या नावानं सगळे बोंबलत होते तेव्हा हे त्याच्या बाजूनं!

त्यांच्या लिखाणातली ‘उलटी पट्टी’, म्हणजे माल विकून वर शेतकऱ्यानंच पैसे भरायचे, मला कळली ती चोइथराम मंडीत, 2017 च्या उन्हाळ्यात. सांवेरकडचा एक ओळखीचा शेतकरी कांदा घेऊन आलेला, त्याची पर्ची मीच वाचून दिली, हमाली गेली, तुलाई गेली, उरलं ते टेम्पोवाल्यालाही पुरेना, वर खिशातले साडेतीनशे द्यावे लागले. तो आपला पर्ची पालटून बघतोय, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग जूनमध्ये मध्य प्रदेश सरकारनं 8 रुपये किलोनं कांदा घेतला आणि त्यातला कितीतरी सडवला. आणि 2023 च्या डिसेंबरात शेतकऱ्याला जरा बरे दिवस येत होते तर निर्यातच बंद! भाव पडला की दया, चढला की बंदी. जोशी हेच तर सांगत होते.

त्यांचं सगळंच पटतं असं नाही हं. 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षण 186 विरुद्ध 1 नं पास झालं, तो 1 म्हणजे हेच, आणि 1986 ला चांदवडला लाखोंनी बायका जमवणारे, नवऱ्यांना बायकोच्या नावानं जमीन करायला लावणारे पण हेच. मतदारसंघ आलटून पालटून राखीव ठेवायची पद्धत त्यांना मान्य नव्हती म्हणे, पण आमच्या घरी यावरून अजून वाद होतात.

असो. तेवढी सबसिडीची ओळ दुरुस्त करून छापा.

– एक रिटायर्ड बँकवाला, सुदामानगर, इंदूर