भयपटातले घर आणि विश्वास न ठेवणारी माणसे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरातला छळ हा विषय अलीकडच्या भयपटांत वारंवार येतो आणि अशा चित्रपटांना स्त्रीवादी ठरवण्याची घाईही होते. बाईने तासभर मार खाल्ला आणि अखेरीस सूड उगवला, एवढ्यावर चित्रपट तिच्या बाजूचा होतो, असे मला वाटत नाही. ती बोलते तेव्हा तिच्यावर विश्वास कोण ठेवतो, हे मी आधी पाहते.

ली व्हॅनेल यांच्या ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (२०२०) या चित्रपटाचेच पाहा. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ च्या कादंबरीत गोष्ट अदृश्य झालेल्या शास्त्रज्ञाची होती. इथे ती त्याच्या तावडीतून निसटणाऱ्या सिसिलियाची झाली आहे. सुरुवातीला, मध्यरात्री, झोपलेल्या जोडीदाराचा हात ती अंगावरून अलगद दूर करते. त्याने तिच्यावर हात उगारल्याचे एकही दृश्य आपण तोवर पाहिलेले नसते, तरी तिचा कोंडलेला श्वास ऐकूनच तिथले सगळे दिवस कळतात. पुढे कॅमेरा रिकाम्या कोपऱ्यांवर रेंगाळतो आणि तिथे कोणीतरी आहे, या तिच्या खात्रीत आपल्यालाही सामील करून घेतो. घरच्यांना मात्र कोपरा रिकामाच दिसतो. तिच्या नावाने बहिणीला विखारी ईमेल जातो, बहीण दार लावून घेते, आणि ती एकटी पडते. माणसे तोडणे हा छळाचाच भाग असतो, हे इतक्या नेमकेपणाने मी क्वचितच पडद्यावर पाहिले आहे.

ही वाट जुनीच आहे. जॉर्ज क्युकर यांच्या ‘गॅसलाइट’मध्ये (१९४४) नवरा बायकोला ती विसरभोळी, भ्रमिष्ट असल्याचे पटवत राहतो, इतके की दिव्याची ज्योत मंदावताना डोळ्यांनी दिसत असूनही तिचा स्वतःवरचा भरवसा उडतो. ज्योत खरोखरच मंदावते आहे, असे एक परका माणूस म्हणतो, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव येतो. समोरच्याला स्वतःच्याच अनुभवावर शंका घ्यायला लावणे, या अर्थाचा ‘गॅसलायटिंग’ हा शब्द याच कथेतून रूढ झाला.

याउलट, जखमा जवळून न्याहाळत राहणारे आणि त्यालाच धाडस म्हणवणारे भयपट मला अस्वस्थ करतात, कारण तिथे कॅमेरा मारणाऱ्याच्या जागी उभा असतो. आपल्या परीक्षणांत अभिनय, पार्श्वसंगीत आणि धक्कातंत्र यांची चर्चा सविस्तर होते; कॅमेरा त्या घरात कोणाच्या शेजारी उभा आहे, हेही परीक्षकांनी लिहावे, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक