उजळ करून मिळणार नाही

नाशिक

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पुण्यातली नोकरी सोडून इथे स्वतःचं पोर्ट्रेटचं काम सुरू करतेयस, ते बरंच झालं. फोनवर तू सारखी म्हणत होतीस, मला माझ्या पद्धतीचंच काम करायचंय. जरूर कर. पण आपली पद्धत गिऱ्हाइकापुढे टिकवायची तर ती आगाऊ रक्कम घेण्याआधी बोलून दाखवावी लागते आणि कागदावर लिहावी लागते. फोटो काढून झाल्यावर तत्त्वं सांगितली की नुसती वादावादी होते, आणि बहुतेक वेळा भिडेखातर आपणच माघार घेतो.

इथे तुझ्याकडे सुरुवातीला येतील ती स्थळाच्या फोटोंची कामं. मुलगी, सोबत आई किंवा मावशी, दोन साड्या, एक ड्रेस. निघताना दारात हळूच, “जरा उजळ करा हं.” याचं उत्तर दारात द्यायचं नाही, पहिल्याच फोनवर द्यायचं: रंग आहे तोच राहील, उजळ करून मिळणार नाही. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते काढून देईन, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, जागरणाचा काळसरपणा. कायमचं असेल ते ठेवीन, म्हणजे तीळ, व्रण, पुढे आलेला दात. हे ऐकून काही जण दुसरीकडे जातील. जाऊ देत. उजळ केलेला फोटो घेऊन मुलाकडचे घरी येतात तेव्हा ओशाळं त्या मुलीलाच व्हावं लागतं.

पण नुसता नकार देऊन भागत नाही. लोक उजळ मागतात, कारण सावळ्या चेहऱ्यांचे मातकट, राखाडी फोटो त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेत. त्याला त्वचा जबाबदार नाही, मोजणी आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्याकडे ओढतो. पांढरा कुर्ता किंवा फिकट भिंत फ्रेममध्ये जास्त असली की तो उजेड कमी धरतो आणि चेहरा बुडतो. उलट गोदाघाटावर नारोशंकराच्या काळ्या दगडापुढे कुणाला उभं केलंस तर मीटर उजेड जास्त धरतो आणि कपाळ, नाक पांढरं फटक पडतं. म्हणून स्पॉट मीटरने, म्हणजे एवढ्याशा ठिपक्याचाच उजेड मोजून, गालावर माप घे, मॅन्युअलवर ये, म्हणजे कॅमेरा आपणहून आकडे बदलणार नाही, आणि मग कपडे, भिंत काहीही असो, आकडे हलवू नकोस. दुसरं म्हणजे सावळ्या चेहऱ्याचा घाट उजेडाच्या चकाकीतून दिसतो. उजेडाचा उगम छोटा असला, म्हणजे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश, की कपाळावर तेलकट ठिपका उमटतो. मोठा असला आणि बाजूने आला की गालाच्या हाडावर रुंद, मऊ चकाकी येते. ते जमलं की उजळ करण्याचं कुणी नावही काढत नाही.

त्यासाठी लाइट विकत घ्यायची सध्या गरज नाही. आपल्या हॉलची खिडकी उत्तरेची आहे. मे-जूनमध्ये सकाळी-संध्याकाळी तिरपं ऊन आत येतं तेवढं सोडलं तर दिवसभर उजेड एकसारखा असतो. ऊन येईल तेव्हा पातळ पांढरा पडदा लाव. माणसाला खिडकीपासून तीन फुटांवर बसव, खांदे खिडकीकडे थोडे वळलेले. दुसऱ्या बाजूला दोन फुटांवर थर्माकोलची पांढरी शीट धर. शीट जवळ घेतलीस की सावली फिकी होते, काढून काळी चादर लावलीस की गडद होते. दोन्ही डोळ्यांत खिडकीचा ठिपका दिसेपर्यंत हनुवटी हळूहळू फिरवायला सांग. चष्मा असेल तर काड्या कानावरून किंचित उचल, काचा खाली झुकतात आणि चमक जाते.

एक अडचण मात्र आहे, त्या पिस्ता रंगाच्या भिंती. त्यांचा हिरवट उजेड जबड्याखाली येतो आणि तो एडिटिंगमध्ये काढताना जीव जातो. सोफ्यामागची आणि तिच्या शेजारची अशा दोन भिंती तरी पांढऱ्या करून घेऊ. बाबा कुरकुर करतील, करू देत. फोटो काढताना ट्यूबलाइटही बंद ठेव, नाहीतर एक गाल निळसर आणि एक पिवळट येतो. कुणाच्या ऑफिसात एलईडी बंद करता येत नसतील तर शटर १/५० किंवा १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे त्याहून वेगात बरेच स्वस्त दिवे फोटोत पट्टे पाडतात.

लेन्स तुझी ८५ मिलिमीटरची आहे, ती ठेव. डोकं आणि खांदे घ्यायला साडेपाच फुटांवर उभं राहावं लागतं, तेवढी जागा हॉलमध्ये आहे. पूर्ण उभा फोटो मात्र त्या लेन्सने पंधरा फूट मागतो, त्याला ५० ची लेन्स. जवळ जाऊन फ्रेम भरण्याचा मोह टाळ. दोन फुटांवरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, ते अंतरामुळे, लेन्स कुठलीही असली तरी. आणि एफ १.८ चं, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडं ठेवण्याचं, वेड जरा आवर. साडेपाच फुटांवर स्पष्ट पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा मिळतो; चेहरा थोडा वळला की लांबचा डोळा गेला. एफ ४ ला तो साधारण नऊ होतो.

बाहेर जायचं तर घाटावर सूर्य वर यायच्या आत. दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा जुन्या वाड्याचा दरवाजा शोध आणि माणसाला उंबऱ्याच्या आत, सावलीत, तोंड बाहेर करून उभं कर. पांडवलेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे ट्रायपॉडला परवानगी लागते. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला आलेल्या माणसांवर लेन्स रोखू नकोस. २०२७ च्या सिंहस्थात असे फोटो काढायला झुंबड उडेल, तू त्यात नसलीस तर काही बिघडत नाही. त्यापेक्षा भांडी बाजारातल्या म्हाताऱ्या दुकानदारांना विचारून काढ आणि आठवड्याच्या आत छापील प्रत हातात नेऊन दे. घरोघरच्या आजी-आजोबांचंही काम आहे. गेल्यानंतर भिंतीवर लावायला लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला फोटो मोठा करायची वेळ किती घरांवर येते ते तू पाहिलंच आहेस.

आता दर. दोन तासांचं शूट दोन तासांचं नसतं. फोन आणि कपड्यांची निवड एक तास, जाणं-येणं-मांडणी एक, शूट दोन, कॉपी करून निवडणं एक, पंधरा फोटो प्रत्येकी पंधरा मिनिटांनी पावणेचार, पाठवणं आणि दुरुस्त्या एक. झाले पावणेदहा तास. ३,००० रुपये घेतलेस तर तासाला तीनशेच्या आसपास, त्यातून पेट्रोल, सॉफ्टवेअर, कॅमेऱ्याची झीज. हा हिशेब आधी स्वतःशी कर, मग आकडा सांग. घासाघीस झाली तर दर उतरवू नकोस, फोटो कमी कर: पंधराचे आठ. नात्यातल्यांना एकतर पूर्ण फुकट दे नाहीतर पूर्ण दर लाव. अर्ध्या दरातलं काम सगळ्यांत जास्त दुरुस्त्या मागतं. आषाढी ते तुळशीचं लग्न मुहूर्त नसतात, तेव्हा स्थळाची कामंही मंदावतील. त्या महिन्यांत डॉक्टर, वकील, सातपूर-अंबडच्या कंपन्या यांच्याकडे जा. लग्नसराईत दुसऱ्याच्या हाताखाली कॅमेरा धरावा लागला तर त्यात कमीपणा मानू नकोस. त्या पैशांवरच स्वतःच्या कामाला नाही म्हणायची ताकद येते.

कागद एका पानाचा पुरे. किती फोटो, किती दिवसांत, दुरुस्तीच्या किती फेऱ्या, रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या) मिळणार नाहीत, तारीख बदलली तर काय, निम्मी रक्कम आगाऊ. आणि तो रंगाचा मुद्दा, शब्द न बदलता. यात बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो, काढणारा नव्हे. म्हणजे इन्स्टाग्रामवर टाकायलाही तुला त्यांची लेखी संमती हवी. ‘हो / नाही’ अशी वेगळी ओळ ठेव आणि स्थळाच्या फोटोंना तू होऊन विचारूही नकोस. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून घे. कंपनीने पैसे रखडवले तर नोंदणीकृत लघुउद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात हे पत्रात लिहिता येतं. जीएसटीची काळजी वर्षाला २० लाखांची उलाढाल होईपर्यंत नाही.

फाइल तीन ठिकाणी ठेवायच्या, त्यातलं एक घराबाहेर, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ॲप फोटो दाबून लहान करतं, बारा बाय अठराच्या प्रिंटला चौकोन दिसतात आणि दोष तुझ्यावर येतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचं आर्द्रतेचं घड्याळ ठेव, काटा ४० ते ५० च्या मध्ये हवा.

थर्माकोल आणि काळं कापड मेनरोडला मिळेल, पुण्याहून ओझं आणू नकोस. करारपत्राचा कच्चा मसुदा पाठव, मी वाचून खुणा करून देते.

तुझी,
आई