तत्त्वज्ञान घेताना अटीही सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तत्त्वज्ञान घेणाऱ्या मुलांना ‘पुढं काय करणार?’ असं सगळेच विचारतात. ‘विचार करायला शिकलास की कुठंही जाशील’ हे आम्हा शिक्षकांचं ठरलेलं उत्तर त्यांच्या काहीच कामाचं नाही. वाटा आहेत, पण प्रत्येकीला अट आहे आणि ती बहुतेकांना एम.ए. झाल्यावर कळते.

प्राध्यापकीचंच घ्या. नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांसाठी एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात, राखीव गटांत ५०. नेटला दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे प्रश्न सोडून येणं हा निव्वळ तोटा. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीत असते. मराठीतून शिकलेल्यांनी पहिल्या वर्षापासून प्रत्येक संज्ञा दोन्ही भाषांत लिहून ठेवावी. आणि पात्रता मिळाली म्हणजे नोकरी मिळाली असं नव्हे; तासिका तत्त्वावर वर्षं काढणारे पात्रताधारक कमी नाहीत. कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान शिकवायला एम.ए.सोबत बी.एड. हवं. शाळेत तर हा विषयच नाही, म्हणून बी.ए.ला भाषा किंवा इतिहास जोडीला नसेल तर बी.एड.ला अध्यापनाचा विषय निवडताना अडचण होते.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे: २५० गुणांचे दोन पेपर, आणि उत्तरं मराठीतूनही लिहिता येतात. सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर, म्हणजे नीतिशास्त्राचे २५० गुण, वेगळेच. इथं मुलं कुठं अडतात? न्याय, वेदान्त, बौद्ध ही भारतीय दर्शनं मन लावून करतात आणि रसेल, विटगेनस्टाइन, क्वाइन हे पाश्चात्त्य तत्त्वज्ञ ‘नंतर बघू’ म्हणून ठेवतात. पण पहिल्या पेपरातला पहिला प्रश्न अनिवार्य असतो आणि तो पाश्चात्त्य भागावरच येतो. तो भाग टाकून चालतच नाही.

माझ्या मते सर्वांत जवळची वाट कायद्याची. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा एलएल.बी. करता येतो, खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के आणि सीईटी लागते. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही न्यायदर्शनातली युक्तिवादाची पाच पायऱ्यांची (पंचावयवी) मांडणी ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला युक्तिवादातली भेग लवकर दिसते. मसुदालेखनाचं इंग्रजी मात्र वेगळी मेहनत घेऊन कमवावं लागतं.

एक वाट फारशी कुणी सांगत नाही. नवीन औषधांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९च्या नियमांनुसार, अशा चाचण्या तपासून मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांत एक जागा समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञ, नीतिशास्त्रज्ञ अशांपैकी एकासाठी आहे. ही पगारी नोकरी नव्हे, मिळालं तर मानधन. पण संमतीपत्र रुग्णाला खरोखर कळतं का, हे तपासण्याचं काम मोलाचं आहे आणि त्यासाठी आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं.

समुपदेशनाबद्दल सावध करायला हवं. तत्त्वज्ञानाच्या पदवीवर एखादं अल्पमुदतीचं प्रमाणपत्र घेतल्यानं कुणी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्याची पात्रता मानसशास्त्रातूनच येते.

माझी विनंती एवढीच आहे: महाविद्यालयांनी प्रवेशाच्या आठवड्यात, मुलं जोडविषय निवडत असतानाच, या अटी मराठीत छापून सूचनाफलकावर लावाव्यात. एका पानात मावतील.

आपला,
तत्त्वज्ञानाचा एक शिक्षक, पुणे