मनिलाहून आई-बाबांना

पासाय, मनिला
29 सप्टेंबर 2025

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आधी वादळाचं. टीव्हीवर दाखवलं ते पार उत्तरेला, बाबुयान बेटांवर गेलं. इथं नुसता पाऊस, शाळांना सुट्टी. आपण 2020 चं निसर्ग काढलंय श्रीवर्धनात, याचं काय घेऊन बसलात!

‘गणपतीला रजा नाही आणि मॅचला कशी मिळाली?’ असं आई म्हणाली म्हणे. अगं, काल रविवार होता. तिकीटही मी काढलं नाही, ऑफिसातल्या एकाकडे जास्तीचं होतं. व्हॉलीबॉलची जागतिक स्पर्धा होती, यंदा पहिल्यांदाच 32 देश. आपला नव्हता. इथल्यांनी इजिप्तला हरवलं तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच बाकी होते. मग इराणशी पाचवा सेट 22-20 ने गेला आणि सगळे गप्प.

फायनलला इटलीने बल्गेरियाला 3-1 ने काढलं, शेवटचा सेट तर 25-10. पण बाबा, बल्गेरियाकडे निकोलोव्ह म्हणून दोघे सख्खे भाऊ. धाकटा सिमेऑन अठरा वर्षांचा, तो लिफ्टर, म्हणजे बॉल उचलून देणारा. थोरला अलेक्झांडर मारणारा. वडीलही देशाकडून खेळलेले. आपल्याकडे उलटं होतं. दादा बॉल अस्सा नेटवर ठेवायचा, मी नुसता हात फिरवायचो आणि शाबासकी मला.

एक गंमत. इथली माणसं बोट दाखवत नाहीत, ओठ दाखवतात! स्टेडियमवर एका पोराला गेट विचारलं, तर त्याने ओठांचा चंबू करून डावीकडे केला. मला वाटलं चिडवतोय. पुन्हा विचारलं, पुन्हा चंबू, या खेपेला हनुवटीसकट. शेवटी मागच्या बाई हसत म्हणाल्या, ‘तिकडे गेट आहे, जा.’ माणसाकडे बोट करणं इथं उद्धटपणाचं, म्हणून ही सोय. जवळचं असेल तर ओठ जरासे, लांबचं असेल तर मानही पुढे. आणि नुसत्या भुवया उडवल्या तर ‘हो’. बसमध्ये, बाजारात, साहेबासमोरसुद्धा. आता मीही करतो; घरी आलो की आईचा धपाटा ठरलेला.

जेवणाची काळजी नको. तिन्ही त्रिकाळ भात, मासळीही असते. आमसुलं संपली, पण त्यासाठी पार्सल करू नका, खर्च फार येतो.

पंपाचे चाळीस हजार पाच तारखेपर्यंत जमा होतील. दादाला म्हणावं सोसायटीचं कर्ज काढू नको. नव्या पोफळी धरेपर्यंत शिंपणाचा खर्च माझ्याकडे.

माणगावच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगी चांगली आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण थोरला घरात असताना मला कसली विचारणा? तो वाडी बघतो म्हणून नको आणि मी मनिलात म्हणून हवा, असं असेल तर त्यांना चहा पाजून वाटेला लावा. हे दादाला वाचून दाखवू नका.

दिवाळीला जमेलसं दिसत नाही. मे महिन्यात बघतो.

तुमचा,
बाळ्या