डायलिसिसच्या खर्चात रुग्णाचे पोषणही धरावे: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

डायलिसिस सेवेचा आढावा घेताना यंत्रे किती आणि सत्रे किती झाली, हे आपल्यासमोर येत असेल. त्या यंत्रावर वर्षानुवर्षे येणाऱ्या माणसाच्या अंगात किती ताकद उरली आहे, याची नोंदही तितक्याच नियमाने व्हावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रक्ताच्या डायलिसिसमध्ये प्रत्येक सत्रात टाकाऊ द्रव्यांबरोबर साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटकही, वाहून जातात, तर पोटातून होणाऱ्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने शरीराबाहेर पडतात. त्यात भूक मंदावलेली असते, रक्तातील वाढलेली आम्लता आणि शरीरातील दाह स्नायू झिजवत असतात, आणि सत्राच्या दिवशी जेवणाची वेळही अनेकदा टळते.

डायलिसिसपूर्वी बहुतेकांना प्रथिने कमी खाण्यास सांगितलेले असते. डायलिसिस सुरू होताच मात्र गरज उलट वाढते. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. हा बदल कोणी समजावून सांगितला नाही, तर घरचे लोक जुनेच पथ्य निष्ठेने पाळत राहतात आणि काळजीपोटीच रुग्ण अर्धपोटी राहतो. मला यातले सर्वांत क्लेशदायक हेच वाटते.

ही झीज वजनकाट्यावर सहज दिसत नाही, कारण स्नायू घटले तरी साचलेले पाणी वजन भरून काढते. रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन कमी होणे ही धोक्याची खूण खरी, परंतु ते दाहामुळेही उतरते. म्हणून आहाराची चौकशी, स्नायूंची तपासणी आणि मुठीच्या पकडीचे मोजमाप जाणत्या माणसानेच करायला हवे.

तेव्हा आपणांस विनंती, की डायलिसिसच्या शासकीय दरातच आहारतज्ज्ञाचे शुल्क धरावे, डायलिसिस सुरू झाल्यापासून ९० दिवसांत पोषणाची पहिली सविस्तर तपासणी आणि त्यानंतर किमान दर सहा महिन्यांनी चाचपणी बंधनकारक करावी, आणि सल्ला देऊनही ज्यांची गरज जेवणातून भागत नाही त्यांना पूरक आहार औषधाप्रमाणेच मोफत मिळावा. पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी यांची बंधने सांभाळून पुरेसे खाणे अवघड असते. ते प्रत्येक कुटुंबाने एकट्याने शोधून काढावे, अशी अपेक्षा शासनाने ठेवू नये.

आपली विश्वासू,
डायलिसिसवरील एका रुग्णाची मुलगी